बिराप्पाचा कल

सोमवार, ११ नोव्हेंबर १९४६
साताऱ्याच्या ट्रेनिंगहून कालच परत. एकेका पोरात एकेक गुण असतो, तो परीक्षेत दिसत नाही. ओळखायला मास्तरला नजर पाहिजे. माझी तर जन्मजात आहे.
पहिली केस बिराप्पा. वय पंधरा, चौथीत तिसऱ्यांदा. बाप धुळा म्हणतो, सिद्धनाथाची जत्रा झाली की पोरगं मेंढरांमागं. पोराला मात्र शाळाच पाहिजे, रडकुंडीला आलंय. जत्रेआधी गुण काढून दाखवतो, असा धुळाला शब्द दिला.
आजपासून चहा बंद.

मंगळवार, १२
ड्रॉइंग. देऊळ काढ म्हटलं, बोकड निघालं. ड्रॉइंग रद्द.
चहा दोनदाच. थंडी फार.

बुधवार, १३
गायन. बिराप्पानं सूर लावला आणि शेजारच्या लालासाहेबांची म्हैस दावं तोडून पळाली. लालासाहेब शाळेत येऊन नाही नाही ते बोलले. गायन रद्द.
दुपारी डोळे मिटून चिंतन. जाग आली तर चारी वर्ग चिडीचूप! बिराप्पा पहिलीला मेंढरांची गोष्ट सांगत बेरीज शिकवत होता. तीन वर्षं ऐकून गड्याला सगळे धडे पाठ. लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. चांगला दम भरला, असल्या रिकाम्या उद्योगात गुण वाया जातो म्हणून.

शुक्रवार, १५
कुस्ती. आता चूक होणं शक्य नाही, अंगानं पहिलवान आहे. समोर वर्गातला जोतिबा, नुसतं चिपाड. जोतिबाच्या डोळ्यांत पाणी आलं तसा हा आपणहून आडवा झाला. शिवाय खाली पडल्या पडल्या त्याला डाव समजावून सांगत होता. जिद्द म्हणून नाही. कुस्ती रद्द.

शनिवार, १६
शाळाखात्याचे दिपोटीसाहेब पुढच्या आठवड्यात तपासणीला येणार. घाबरत नाही. तबला उरलाय. मला वाजवता येत नाही, पण शिकवायला कुठं यावं लागतं?

सोमवार, १८
पोरं बिराप्पावर सोडून तबला आणायला म्हसवडला गेलो. येताना सायकल पंक्चर. तबला डोक्यावर घेऊन पोचलो तर साहेब आजच आलेले, पहिलीच्या पोरांत मांडी घालून बिराप्पाची गोष्ट ऐकताहेत. मला म्हणाले, भजन संध्याकाळी ठेवा.
तुमचे मास्तर कोण, असं त्यांनी पोरांना विचारलं. सगळ्यांनी बिराप्पाकडं बोट केलं. जोतिबानंसुद्धा. इतका अपमान!
साहेबांनी धुळाला बोलावून सांगितलं, याची परीक्षा तोंडी घेऊ, पोरगं शाळेतच राहू दे, उद्याचा मास्तर आहे. धुळा कबूल झाला. म्हणजे माझा शब्द खरा ठरला, पण ते कुणी बोललं नाही.
मग माझ्या बदलीचा विषय निघाला. तेव्हा बिराप्पा उठून उभा राहिला.
"सायेब, आमच्या मास्तरांस्नी हालवू नगा. त्यांच्यातबी कायतरी गुण आसंलच. जत्रंपत्तर मी काढून दावतो."
साहेबांनी मुदत दिली.

मंगळवार, १९
सकाळी बिराप्पानं पाटी हातात दिली. म्हणाला, देऊळ काढा.
बोकड निघालं.