‘मले’ म्हणजे कोण

गुरुजी, उद्या मला तुमच्या जागेवर बसवणार आहेत. सकाळी तुमच्याकडे वेदांत शिकायला यायचे ते पेन्शनर, त्यातले आता दोघंच उरले. परवा घरी येऊन म्हणाले, यंदा गुरुजींच्या पुण्यतिथीला तुम्हीच बोला, त्यांनी जाताना तुमच्याबद्दलच सांगितलं होतं. मी चौथी शिकलेली, तुमच्या घरी पोळ्या करणारी बाई. तेव्हा हेच लोक पडद्यामागून आवाज देत, चहात साखर कमी आहे म्हणून. आता अहो-जाहो करतात. मीही हो म्हणून बसले. उद्या खरं सांगायचं की गुपचूप हार घालून घ्यायचा, एवढंच ठरवायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

कळंबच्या त्या घरात बैठक अन् स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसता पडदा. तुमचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. महिनाभर ऐकलं अन् एक दिवस राहवलं नाही. कणीक तिंबता तिंबताच बोलले, “काहून जी, इतके शिकलेले लोकं रोज विचारून राह्यले, मी कोण, मी कोण. आधार कार्ड नाही का यायच्यापाशी?” मला वाटलं, गेलं काम. तर तुम्ही पडदा सारता, दारात स्टूल टाकून बसता, अन् विचारता, “तू कोण गं?”

“मी स्वयंपाकवाली.”

“स्वयंपाक झाल्यावर?”

“घरी जातो. पोट्टीची माय.”

“पोरगी झोपली, तूही झोपलीस. मग कोण?”

“झोपीत कायची कोण? मेल्यावानी पडतो.”

“मग सकाळी उठून चांगली झोप लागली म्हणून सांगतं कोण? मेलेलं माणूस सांगतं का?”

मी गप्प. तव्यावर पोळी जळाली. मला गप्प बसायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. चिमट्यानं पोळी फेकली अन् म्हणाले, “असं आडवंतिडवं विचारलं की मले राग येते.” पेन्शनर हसले. मी ‘मला’ला ‘मले’ म्हणते, त्याचं त्यांना हसू आलं. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, “हसू नका. तुम्ही म्हणता मी रागावलो. ही म्हणते, मले राग येते. राग येतो, म्हणजे कुठून तरी येणार अन् निघून जाणार. पण तो ज्याच्याकडे येतो ते ‘मले’ आधीपासून तिथं बसलेलं आहे. इतके दिवस तुम्हाला हेच सांगतो आहे.”

त्या दिवसापासून तुमचं रोजचं सुरू झालं. चप्पल काढत नाही तोवर, “आज मलेकडे कोण कोण आलं?” मी सांगायची. भूक आली, जावेची आठवण आली, रडू आलं. “अन् गेले सगळे?” गेले. “मले गेलं का?” नाही जी, ते इथंच आहे, भांडे घासून राह्यलं. तुम्ही पोट धरून हसायचात.

मला तो मंत्रच सापडला असं वाटलं. पोरगी अभ्यास सोडून मैत्रिणीकडे जाऊन बसली, मी तिच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तुम्हाला सांगितलं, “राग आलता, मारून गेला. मी काही नाही केलं.” तुम्ही ताटावर बसलेले. हात मागे घेतलात. “राग आला, कबूल. हात कोणाचा होता?” मी म्हटलं, मंग तुमीच म्हणता ना. तुम्ही म्हणालात, “पाहुणा दारात आला एवढंच मी म्हणालो. त्याला पाट मांडून जेवू घालणारी तू. जा, पोरीशी बोलून ये. तोवर मी जेवत नाही.” उन्हात चप्पल आपटत गेले, मनात तुम्हाला शिव्या देत. पोरीच्या गालावर अजून बोटं उमटलेली. तिच्या वेणीचा गुंता काढत बसले. परत आले तर तुमचं ताट तसंच, वरणावर साय धरलेली. तेच जेवलात.

मग तुम्ही खाटेला लागलात. एका सकाळी दोघंतिघं पेन्शनर जवळ बसलेले. तुम्ही आतल्या खोलीतून बारीक आवाजात विचारलंत, “बाई, मले म्हणजे कोण, कळलं का गं?” दूध वर आलेलं. मी ओरडून म्हटलं, “हो जी, कळलं,” अन् गॅसकडे धावले. पेला घेऊन आले तर तुमचे डोळे भरलेले. त्यांना सांगत होतात, “हिला कळलं.” त्यातल्या एकानं उठून मला खुर्ची दिली.

मला काही कळलेलं नव्हतं, गुरुजी. आजही नाही. राग आजही येतो, येताना दिसतो, पुष्कळदा दारातूनच परत जातो. एवढं तुमच्यामुळे झालं, अन् हे मी कुणापुढंही छाती ठोकून सांगीन. पण तो दिसतो कोणाला, हे विचारलं की मी त्या पहिल्या दिवसासारखीच गप्प. विचारायचं सोडलं नाही, इतकंच.

काल पोरीला फोनवर सांगितलं. ती आता झरीच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, “मंग तसंच सांग ना. तू कधीपासून लोकायले भ्यायला लागली?” बरोबर बोलली. उद्या दुधाची गोष्ट सांगून टाकते. तुमच्या जागेवर बसणार नाही, खाली सतरंजीवर बसून, मले म्हणजे कोण, हे मलाच त्यांना विचारायचं आहे.

हे पत्र मात्र तिथं वाचणार नाही. दूध वर आलं होतं म्हणून तोंडातून निघालं, असं सांगितलं तर हसतील, सोडून देतील. पण त्यानंतर तुम्ही तीन दिवस होतात. रोज तुम्हाला दूध पाजलं. दुरुस्त करता आलं असतं. त्या खुर्चीवर बसायला मला बरं वाटत होतं, म्हणून नाही केलं.