वेणी कुणी माळली?

आष्टी, ८ डिसेंबर १९९७, संध्याकाळ

पुढच्या महिन्यात आमचं लग्न, म्हणून आज विनोदसोबत भाड्याचं घर पाहायला गेले. भाडं फार कमी. काऊन, ते कुणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या खोलीची खिडकी उघडताना केसांतली शेवंतीची वेणी सुटून पडली. मागून कुणीतरी ती उचलून हळूच माळून दिली. बोटं थंडगार होती. विनोदनं आजवर माझा हातही धरला नाही, म्हणून मी लाजून तशीच उभी राहिले. खिडकी उघडली, तर विनोद फाटकाबाहेर शेजारच्या काकूंशी बोलत होता!

पळत बाहेर आले. काकू म्हणाल्या, "पोरी, तिथं एक मास्तर राहे. लग्नाच्या आठ दिवस आधी तापानं गेला. अजून नवरीची वाट पाहून राह्यला."

विनोदचा चेहराच उतरला. "आपल्याले नाई पाह्यजे हे घर."

"हेच घेऊ," मी म्हणाले.

असं काऊन म्हणाले मी? ती थंड बोटं... पण किती जपून माळली त्यानं! विनोद बिचारा हो म्हणाला. उद्या किल्ली मिळेल. वेणी अजून केसांतून काढली नाही मी.