गायरानावर काचा

९ फेब्रुवारी
आणि वर मलाच म्हणतो, "तुला गावातलं काय कळतंय, तू लांब हायेस." लांब मी हौसेनं हाय का? फोन केला की दादाचं एकच. ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले. सगळे म्हणजे कोण? गेल्या सालची २६ जानेवारीची ग्रामसभा. त्या दिवसात पाथर्डीकडचं आमचं गाव म्हणजे घराघराला कुलूप, माणसं ऊसतोडीला. जी चार टाळकी राहिली त्यांनी हात वर करून गायरान सोलरवाल्यांना दिलं. त्यात माझा सख्खा मोठा भाऊ, त्या साली तोडीला गेला न्हवता तो. आणि आई त्या टायमाला गायरानातच हुती, शेळ्या घेऊन. तिला दिवस मावळल्यावर कळलं.

१२ फेब्रुवारी
थंडी लई. टँकरचं पाणी बोटाला झोंबतं. आज एक लाईन जास्त धुतली. फिलीप म्हणला, "ए पाथर्डी, काच घासतोय का सरपंचाचं तोंड?"
हसू आलं. मग न्हाई आलं.
फिलीप बेलापूरचा. ह्या राजस्थानच्या वाळूत आमी दोघंच नगरचे. चाकण केलं, सुरत केलं, एका जागी माझं बूड टिकत न्हाई. इथं टिकलो कारण काम बरं हाय. सोलरच्या प्लेटा धुवायच्या. धूर न्हाई, राख न्हाई. गेटावर बोर्ड हाय, 'स्वच्छ ऊर्जा'. खोटं न्हाई ते. मी कारखान्याच्या चिमणीची काजळी खाऊन मोठा झालोय, मला फरक कळतो.
म्हणून तर जास्त लागतं. दारूच्या दुकानाला जागा दिली असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.

१५ फेब्रुवारी
विकास. सरपंच. माझ्या बाकावरचा. मी सातवीत शाळा सोडली, तो शिकला.
इलेक्शनला त्यानं जीप केली हुती, तोडीवरची मतं आणायला. मी संग गेल्तो. कारखान्यावरच्या पाचटाच्या कोप्यांतून एकेकाला उठवलं, म्हाताऱ्यांना मांडीवर घेतलं, तरण्यांना टपावर. मीच सांगत हुतो, विकास आपला हाय. त्यानं खंडोबापुढं सगळ्यांदेखत भंडारा उचलला, "गायरान एक इंच देनार न्हाई." माझ्या कपाळाला पण त्यानंच भंडारा लावला.
मतदानाला जीप आली. ग्रामसभेला आणायला कोणी सायकलसुद्धा पाठवली न्हाई.

२० फेब्रुवारी
शेवटी लावला त्याला फोन. आधी इकडचं तिकडचं. तिकडं ऊन कसंय, जेवण मिळतं का. मी म्हणलं, "विक्या, भंडाऱ्याचं काय?"
"भाऊ, मी म्हनलो देनार न्हाई. दिलं कुठंय? भाड्यानं लावलंय. जमीन गावाचीच हाय."
"देवापुढं वकील उभा केलास व्हय रं?"
"तू सोलरचंच खातो ना तिकडं? मग?"
ठेवला फोन. दिवसभर तेच डोक्यात. इथंबी कुणाचं तरी गायरान असंलच की. तारेच्या पलीकडून एक बाई रोज मेंढरं घेऊन जाती, आत बघत. मी कधी विचारलं न्हाई तिला.

१ मार्च
आईचा फोन. शेजारच्या हौसाक्काच्या मोबाईलवरून. म्हणजे दादापासून लपून. तिच्याकडं स्वतःचा न्हाई, एरवी दादाच्याच फोनवर बोलती, तो समोर बसलेला असतो.
दादाला गायरानाच्या गेटावर वॉचमनची नोकरी लागली. हात वर केल्याचा प्रसाद. तोडीला जायचं सुटलं त्याचं.
आई जुन्या सवयीनं शेळ्या घेऊन गेली. गेटावर साहेब उभा, दादा युनिफॉर्मात. दादा तिला म्हणला, "मावशी, मागं व्हा."
आई हसत सांगत हुती. "सायेबापुढं लाजला आसंल रं पोरगं. मी पन वळख दावली न्हाई. म्हनलं, व्हय दादा, चुकलं."
मावशी.
शेळ्या आता डांबरी रस्त्याच्या कडंनं. काल एक टेम्पो करडाला उडवता उडवता ऱ्हायला.

२ मार्च
जेवलो न्हाई. फिलीपनं विचारलं, सांगितलं. त्यानं ताट माझ्यापुढं सरकवलं. मग म्हणला, "माझा भाऊ असता तर मी थोबाड फोडलं असतं. मग प्रभूनं मला दुसरा गाल पुढं करायला लावला असता, ते वायलं."

१८ मार्च
इथं धुतलेलं पाणी प्लेटांखाली गळतं, त्यानं खाली गवत उठतं. गुडघ्याला लागतं. आमी ते कापून फेकतो. आज कापता कापता डोक्यात आलं. लगेच दादाला फोन. म्हणलं, "तिकडं पण धुवाई चालू झाली असंल, गवत येईल. आईच्या शेळ्या आत सोड. साहेबाला सांग, कापायची मजुरी वाचंल."
तो तुसड्या आवाजात लगेच बोलला, "इचारलंय आधीच. शेळ्या काचंवर चढत्यात. सायेब म्हनला, मेंढरं आसती तर बघितलं आसतं."
म्हणजे त्यानं विचारलं हुतं. मला सांगितलं का न्हाई?
फिलीपला सांगितलं तर म्हणतो, "आमच्या शास्त्रात पन तसंच हाय. मेंढरं उजव्या हाताला, शेरडं डाव्या. शेरडांचं नशीबच फुटकं."

६ एप्रिल
तोडीवरनं गाव परतलं. गेल्या साली नुसता कागद हुता, औंदा तार दिसली. लोक गेटावर गेले, वरडले. विकासनं सगळ्यांना बसवून चहा पाजला. म्हणला, ह्या सोलरवर शेतातल्या मोटारींना दिवसा लाईट येनार. लोक घरी गेले. एवढंच.
मी दादाला लई बोललो. तोंडाला येईल ते. आईला मावशी म्हणला त्याचं पण काढलं. तो ऐकून घेत हुता. मग म्हणला,
"बाप रात्रीच्या लाईटीवर पानी धरायला गेला तवा तू कुठं हुता? चाकणला. सारं फोडताना पान लागलं त्याला, साप दिसलाबी न्हाई. बॅटरी तशीच चालू, त्या उजेडात मी त्याला खांद्यावर घेतला. मला दिवसा लाईट पायजे हुती. म्हनून केला हात वर. नोकरी मागनं लागली."
खरं बोलला का नोकरीवर पांघरूण घातलं? दोन्ही असंल. पण आईला आधी सांगायला काय झालं हुतं. एवढंच सांगायचं हुतं रे. ती न्हाई म्हणली असती, म्हणूनच न्हाई सांगितलं.

१९ एप्रिल
हौसाक्काच्या फोनवरून आई.
"लाईट आली. भर दुपारी मोटार चालली. मी बांधावर जाऊन पाटाला हात लावून बघितला."
मी म्हणलं, दिवसा?
"तुजा बाप आसता तर..."
मग शेळ्यांचं. दादानं खाटीक आणला हुता. आईनं दावी सोडू दिली न्हाई. म्हणली, "मी हाय तवर ऱ्हातील. चारा इकत घीन." कशानं घेणार ते मी विचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई.

२२ एप्रिल
पगार झाला. आईच्या चाऱ्याचे पाठवायचे. हौसाक्काच्या नंबरवर टाकले तर आईच्या हातात नक्की पडतील. दादाच्या नंबरवर टाकले तर देईल, न्हाईतर म्हणंल, इका ती शेरडं, काय लावलंय.
फिलीप म्हणला, "हौसाक्काला टाक, येड्या. तुला अजून त्याचा भरवसा हाय?"
न्हाई हाय. पण मी हौसाक्काला टाकले की मग घरात दादा वॉचमनच राहिला, गेटावरचा.
दादाच्या नंबरवर टाकले. खाली लिहिलं, आईच्या शेळ्यांना. साडेतीन हजार.