चाकू, खिसे आणि उंदीर

ता. ४ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
खारूचा सा. न. वि. वि.

मामा, घेतला! पहिल्या पूर्ण पगारातून आईने सुचवलेल्या सगळ्या शहाण्यासुरत्या वस्तू बाजूला सारून मी चाकू घेतला. काळ्या मुठीचा, खिशाच्या काठाला अडकवायची पट्टी असलेला. पात्याच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढी गोटी आहे. ती अंगठ्याने ढकलली की टक्क! पातं बाहेर. आणि एकदा बाहेर आलं की आतला खटका असा अडकतो की काम करताना ते बोटांवर मिटत नाही. उजवा अंगठा, डावा अंगठा, कुठलाही चालतो.

तुम्ही म्हणाल, पुरे कौतुक. पण मी नाटकगृहात शिडीच्या टोकावर असते, एका हाताने नळी धरलेली आणि दुसऱ्या हाताने दिवा टांगायचा. तिथे तुमच्यासारखा लाकडी मुठीचा चाकू काढून नखाने पात्यावरची खाच शोधत बसले तर दिव्याआधी मीच खाली येईन. परवा ऐन तालमीत दोरी गुंतली आणि पडदा अर्ध्यावर लटकला. मी वरूनच एका हाताने दोरी कापली, तर आमचे सुतारकाका खालून टाळ्या पिटायला लागले. मला इतका आनंद झाला की दिवसभर जमिनीवर पाय ठरत नव्हता, आणि तसाही तो शिडीवरच असतो. आता तरी कबूल करा, तुमचा चाकू म्हातारा झाला.

मामींना नमस्कार. उत्तर भांडखोर असलं तरी चालेल, पण लवकर यावं.

आपली,
खारू


ता. ११ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मामीने दोनदा वाचून दाखवलं आणि दोन्ही वेळा नको तिथे हसली. नेहमीप्रमाणे मी सांगतोय आणि ती लिहिते आहे, कारण माझं अक्षर माझं मलाच लागत नाही. (हे अगदी खरं. — मामी)

आता तुझ्या त्या टक्क चाकूबद्दल. अगं, माझ्या चाकूचं पातं कागदासारखं पातळ, एका अंगाने सपाट, धार एकाच अंगाला. साधं पोलाद आहे, ओलं राहिलं तर गंजतं, म्हणून रोज पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं. रोज पुसतो म्हणून तर त्याची-माझी ओळख आहे. तुझ्या चाकूला काहीच लागत नाही, म्हणजे तुझीही गरज नाही. आणि उघडायला दोन हात लागतात हेच माझ्याचं शहाणपण. तेवढ्या वेळात माणूस ठरवतो, कापायचं की नाही. तुझं म्हणजे आधी कापायचं आणि मग हळहळायचं. (दोरी कापलीस ते बरं केलंस. — मामी)

इकडची बातमी वाईट आहे. छापखान्यामागचं संत्र्याचं झाड महिनाअखेर तोडणार, तिथे गोदाम होणार. रोपवाटिकेतली सगळी गोड कलमं मी त्याच झाडावरून केली. लहानपणी तुला दाखवलं होतं ना, फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट नखाएवढा तासून काढायचा आणि रोपाच्या सालीत सरकवून बांधून टाकायचा? त्या जातीचं दुसरं झाड आता कुठे उरलेलं नाही, आणि जुनी कलमं विकून किती लांब गेली ते देव जाणे. म्हणजे या महिन्यात जेवढे डोळे बसतील, तेवढंच ते झाड पुढे जगणार. रोपवाटिकेचे मालक रोज विचारतात, कधी सुरू करता. मी सांगतो, सालीत रस चढू द्या, तेव्हाच ती सुटते.

घरात उंदीर झालेत. माझ्या विजारींचे खिसे कुरतडतात. (मला एकही उंदीर दिसलेला नाही. — मामी)

तो डावा अंगठा चालतो म्हणालीस, ते खरं की दुकानदाराची थाप? सहज विचारतो.

लोभ आहेच, तो भांडणाने वाढो.

तुझा,
मामा


ता. १४ फेब्रुवारी

चि. खारू,
अ. आ. वि. वि.

हे कंसात मावणार नव्हतं म्हणून वेगळं लिहिते. मामा कामावर गेलेत.

उंदीर-बिंदीर काही नाही. काल त्यांच्या सगळ्या विजारी शिवायला घेतल्या, तर प्रत्येकीचा उजवा खिसा तळाशी सरळ रेषेत कापलेला. उंदीर काय फूटपट्टी घेऊन येतो? एका खिशाला रक्ताचा डाग होता. मी विचारलं तर आधी उडवून लावलं, मग आवाज चढवला आणि शेवटी सांगितलं. थंडीत कुंड्यांची हातगाडी मनगटावर उलटली होती, आठवतं? सूज उतरली, पण उजव्या अंगठ्यात जोर परत आलाच नाही. नस दुखावली आहे, पूर्वीसारखं होणार नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. मला मात्र पत्ता नाही. चाकू आता हाताने उघडत नाही, म्हणून सकाळी न्हाणीघरात दाताने उघडतात आणि चारचौघांत तसं करावं लागू नये म्हणून उघडाच फडक्यात गुंडाळून दिवसभर खिशात बाळगतात! दात तरी पडला असता, नाहीतर मांडी तरी चिरली असती. मी खूप रागावले, आणि मग मलाच रडू आलं.

तो रस चढण्याचा बहाणाही खोटा. रस केव्हाच चढलाय. त्यांना धास्ती आहे ती मालकांची. कळलं तर ते कलमांना दुसरा माणूस आणतील आणि यांना खुर्चीत बसवून रोपांच्या चिठ्ठ्या लिहायला लावतील. त्यांच्या अक्षरात! हसू नकोस. डोळा भरायचं काम गेलं तर हा माणूस घरात कसा राहील, मला कल्पनाच करवत नाही. आणि इकडे झाडाचे दिवस भरत आलेत.

डाव्या अंगठ्याचं त्यांनी सहज विचारलेलं नाही. काहीतरी कर, पण मी सांगितलं असं दाखवू नकोस.

तुझी,
मामी


ता. १८ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

पत्रासोबत माझा चाकू पाठवते आहे. घाबरू नका, मी हरले नाही. सुतारकाकांशी माझी पैज लागली आहे. ते म्हणतात की या असल्या चाकूने कलम होणं शक्यच नाही, आणि मी म्हणते की मामांच्या हातात दिला तर होईल. तेव्हा आठवडाभर खिशात बाळगा, उघडा, मिटा, हवी तशी धार लावा आणि काय ते खरं लिहा. डावा अंगठा चालतो, मी देवाशपथ सांगते. माझी अर्धी कामं डाव्याच हाताने होतात.

उंदरांसाठी पिंजराही पाठवणार होते, पण मला वाटतं चाकू आला की उंदीर आपोआप जातील.

मामींना नमस्कार. रागावलात तरी आशीर्वाद देऊनच रागवा.

आपली,
खारू


ता. २४ फेब्रुवारी

चि. खारू हिस,
अ. आ. वि. वि.

उंदरांचं वाक्य वाचलं आणि मामीने कंसाबाहेर काय लिहिलं असेल ते कळलं. (मी खाली मान घालून लिहिते आहे. — मामी) रागवायचं ठरवलं होतं, पण हातात चाकू होता. डाव्या अंगठ्याने ढकलला. टक्क! मिटला, पुन्हा ढकलला. खारू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या हाताने चाकू उघडला. दुपारभर तेच करत बसलो. (जेवण निवलं. शेजारीण विचारून गेली, कसला आवाज येतोय. — मामी)

आता निकाल ऐक. तुझा चाकू कलमाच्या कामाचा नाही! पातं जाड, दोन्ही अंगांनी उतरतं. डोळा काढायला गेलो तर फावड्याने खणल्यासारखं झालं. म्हणून मी त्याचं एक अंग दगडावर घासून सपाट केलं. भलतंच हट्टी पोलाद, रोज संध्याकाळी घासत होतो. आणि इथे खरी गंमत आहे. माझ्या जुन्या चाकूची धार उजव्या हाताची. तो कुणी उघडून दिला असता तरी डाव्या हातात उलटाच चालला असता. तुझ्या चाकूला मी धार लावली तीच डाव्या हातासाठी. म्हणजे आता तो तुझ्या उपयोगाचा राहिला नाही, हे ऐकून घे.

पण हात शिकायला वेळ घेतो. लिंबाच्या फांद्यांवर सराव केला, पहिले सगळे डोळे चुरगळले. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तेव्हा मामी माझा जुना चाकू घेऊन शेजारी बसली, दोन हातांनी उघडला आणि म्हणाली की उजवा हात तिच्याकडे आहे, डोकं माझ्याकडे आहे, सांगत जा. (आणि माझा तिसराच डोळा शाबूत निघाला! — मामी) चौथा फुटला, तेही लिही. (फुटला. — मामी)

उद्या पहाटेच दोघं झाडाकडे जातोय. मालकांना सांगितलं, रस चढला.

तुझा,
मामा


ता. २८ फेब्रुवारी

ती. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

माझ्या चाकूचं वाटोळं केलंत याबद्दल आभार! पत्र सुतारकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की घासून घासून तो जुन्यासारखाच केला, म्हणजे पैज त्यांनी जिंकली. मी म्हटलं, उघडतो तर टक्क करूनच ना, म्हणजे मी जिंकले. अजून भांडतोय.

शिडीसाठी तसाच दुसरा घेतला. पण दुकानात बाजूलाच एक लाकडी मुठीचा होता, तोही उचलला. पेन्सिल तासायला, फळ कापायला तो इतका गोड चालतो की काय सांगू. काल तेल लावून पुसला. कुणाला सांगू नका.

झाड तोडलं का? डोळे पुरेसे निघाले का? लगेच लिहा, मला धीर नाही.

आपली,
खारू


ता. २१ मार्च

चि. खारू,
अ. आ. वि. वि.

उशीर झाला, कारण कलमांवर बांधलेल्या पट्ट्या सोडल्याशिवाय मामा लिहू देत नव्हते. झाड गेलं. तोडायच्या दिवशी आम्ही डोळे असलेल्या शेवटच्या काड्या ओल्या फडक्यात बांधून घेतल्या आणि करवतीचा आवाज सुरू व्हायच्या आत निघालो. मग रोपवाटिकेत दोन ओळी मांडल्या, एक त्यांची, एक माझी, आणि दिवस मावळेपर्यंत डोळे भरत राहिलो. मालकांना वाटलं, मी नुसती काड्या धरायला आले आहे.

काल पट्ट्या सोडल्या. खारू, हिरवे! त्यांच्या ओळीत सुरुवातीचे बरेच काळे पडलेत, पण जसजसं पुढे जावं तसतसे हिरवे, आणि शेवटचे तर सगळेच. माझे दोन सोडून सगळे जगले. मी ओरडले ते फाटकापर्यंत ऐकू गेलं आणि मालक धावत आले. ओळी बघून त्यांनी विचारलं, एकाच माणसाच्या हातात एवढा फरक कसा.

काहीतरी थाप मारता आली असती. पण मामांनी उजवा हात पुढे केला, अंगठा दाखवला आणि सगळं सांगितलं, अगदी न्हाणीघरातल्या दातासकट. शेवटी म्हणाले की ही दुसरी ओळ हिची आहे. मालकांनी ओळीच्या टोकाशी वाकून एकेक डोळा बघितला, मग तसेच वळून निघून गेले. मामा खाली बसले. मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळाने रोपांच्या पिशव्यांनी भरलेली हातगाडी ढकलत ते स्वतःच परत आले. ती आमच्या दोघांच्या बरोबर मधे उभी केली आणि मला विचारलं, सकाळी लवकर येणं जमेल ना.

तेव्हा पत्र आवरतं घेते, उद्या मला कामावर जायचंय. लोभ असू दे, आणि पुढच्या पत्राला उशीर झाला तर समज, आम्ही दोघं ओळीत बसलोय.

तुझी,
मामी