दहा ओळी

जळगाव,
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय भाऊ,

तुला वाकून नमस्कार. ह्यांचा खोकला सोडला तर आमचं इकडे सगळं जागच्या जागी आहे. तुझा गुडघा कसा आहे? यंदा थंडी लवकर आली, बागेतली केळीची पानं पिवळी पडायला लागली का? सावद्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते आणि प्रत्येक जण 'बरं आहे' म्हणतो, त्यातून काही कळत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'हाव, हाव' करतोस आणि मी मुद्द्यावर यायच्या आत ठेवून देतोस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. शिवाय भुसावळच्या बोर्डिंगात सिस्टर दर रविवारी आम्हाला ओळीने बसवून घरी पत्र लिहायला लावायच्या. कोपऱ्यात तारीख, मग नमस्कार, मग हवापाणी. हाताला ती सवय अजून आहे.

तर बातमी. मी गाडी घेतली. तुझ्या लेकीने, सारिकाने तुला फोटो पाठवलाच असेल आणि तू तो चष्म्याशिवाय बघून 'बरी आहे' म्हणाला असशील. लाल आहे, बुटकी आहे, आत बसताना आधी वाकावं आणि मग देवाचं नाव घेऊन स्वतःला सोडून द्यावं लागतं. दोन दारं, दोनच माणसं. गिअर हाताने टाकायचे, तेही सहा.

शोरूममधला मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, ऑटोमॅटिक बघा ना. ह्या वयात डाव्या पायाला त्रास कशाला?"

"ह्या वयात डाव्या पायाला दुसरं काम तरी काय आहे?" मी विचारलं.

ह्यांना वेगळीच काळजी. "मागे कुणी बसायचं झालं तर?"

"मागे जागाच नाही."

"आणि पाहुणे आले की?"

"त्यांना रिक्षा करून देऊ."

ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाजारातून लिंबू-मिरच्या आणून पुढच्या बंपरला बांधल्या आणि शेजाऱ्यांना सांगून आले की 'आमची' स्पोर्ट्स कार आली.

कॉलेजच्या ग्रंथालयात मी एवढी वर्षं लोकांना 'हळू बोला' सांगत बसले. निवृत्त झाल्यावर आपल्यालाही थोडा आवाज करावासा वाटला, असं समज. पण खरं सांगू? ती हौस तूच लावलीस. बोर्डिंगातून उन्हाळ्याच्या सुट्टीला आले की तू आबांची जीप काढायचास. आबा दुपारी झोपले की बागेच्या कडेच्या गाडवाटेवर मला स्टिअरिंगवर बसवायचास आणि स्वतः बाजूला बसून शेंगा खायचास. पहिल्या दिवशी मी क्लच असा काही सोडला की तुझ्या शेंगा सगळ्या जीपभर झाल्या. तू रागावला नाहीस. म्हणालास, "बाई, घड खांद्यावर घेतेत ना, तसा क्लच सोडाचा. फेकाचाई नही, अन् धरूनई ठेवाचा नही." मग तू खरंच मला खाली उतरवलंस आणि कापणी चालली होती तिथे नेऊन दाखवलंस. विळ्याचा घाव बसला की घड कसा आधी जरासा झुकतो, मग खालचा माणूस खांदा देतो, आणि मगच सगळं वजन येतं. तेव्हापासून गाडी सुरू करताना माझा उजवा खांदा आपोआप थोडा पुढे जातो. हे हसतात. हसू देत.

आणि ब्रेकची तुझी परीक्षा! दुसऱ्या गिअरमध्ये जीप चाललेली असताना तू एकदम ओरडायचास, "थांब!" आणि मग बाजूच्या केळीच्या ओळी मोजायचास. दहा ओळींच्या आत थांबले तर भुसावळला परत सोडताना स्टेशनासमोर सोडा-लेमन. अकरावी ओळ गेली की नाही. एकदा मी सातव्या ओळीला थांबले तर तू सगळ्या सावद्यात सांगत फिरलास. लतावहिनी तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मलेबी शिकवा." तू म्हणालास, "तुले कायले? मी हाये ना चालवाले."

असो.

काल मी गाडी घेऊन धुळ्याला गेले होते. तिथे गावाबाहेरच्या माळावर एक खाजगी ट्रॅक आहे. त्याला 'ट्रॅक डे' म्हणतात. एक दिवस आपली गाडी न्यायची, बंदिस्त रस्त्यावर हवी तशी पळवायची. समोरून कुणी येत नाही, म्हैस आडवी जात नाही, आणि शिकवायला माणूस असतो. आम्हाला शिकवायला पारस नावाचा मुलगा होता, धुळ्याच्याच एका कापड दुकानदाराचा. घरचे म्हणतात गल्ल्यावर बस, आणि हा चाकांच्या धुरात उभा असतो.

सारिका तिच्या घरून तिथे आली. नियम आधीच कळवले होते. साडी नाही, पायात बंद बूट, अंगभर सुती कपडे. मी सारिकाचा सुती ट्रॅकसूट घातला. हेल्मेट काही केल्या बसेना, कारण अंबाडा. शेवटी सगळ्यांसमोर केस सोडून वेणी घालावी लागली. सारिकाने घातली. वेणी घालताना ती हळूच केस ओढते, अगदी... तुला माहीत आहे कुणासारखी.

मग गाडीची तपासणी. पारसने बंपरकडे बघितलं. "काकू, हे लिंबू काढावं लागेल. सैल काही चालत नाही."

"सैल कुठे आहे? सुतळीने बांधलंय. माझ्या नवऱ्याने बांधलंय, तुमच्या ट्रॅकपेक्षा पक्कं असेल."

"मग माझ्या खिशात ठेवतो, चालेल? लिंबू ट्रॅकवर हजर असल्याशी मतलब."

चाललं. डिकीही रिकामी करायला लावली. त्यात मी भरीत-पुरीचा डबा, हिरव्या पातीच्या कांद्याची जुडी आणि ताकाची बाटली नेली होती. बाकीचे लोक नाशिकहून, पुण्याहून आलेले. त्यांच्या डिक्यांतून पाने-पक्कड आणि हवा मोजायची यंत्रं निघाली. दुपारी मात्र सगळे आमच्याच डब्याभोवती होते.

भाऊ, गाडी कशी चालली ते ऐक. पहिल्या फेरीला मी घाबरले. दुसऱ्या फेरीला वळणावर पारस बाजूच्या सीटवरून म्हणाला, "आता तिसरा... छान! काकू, क्लच कुणी शिकवला हो तुम्हाला? धक्काच बसत नाही."

"भावाने. केळीच्या बागेत."

त्याला वाटलं मी चेष्टा करते. पाचव्या फेरीला सरळ रस्त्यावर मी चौथा टाकला आणि हेल्मेटच्या आत एकटीच मोठमोठ्याने हसले. एकसष्टाव्या वर्षी, भाऊ. सिस्टरांनी ऐकलं असतं तर मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

इथपर्यंत लिहून मी उठले, चहा केला, देवापाशी दिवा लावला. आता पुढचं लिहिते. तू आता पत्र घडी करून बंडीच्या खिशात घालशील आणि बागेत निघून जाशील, हे मला माहीत आहे. जाऊ नकोस. तिथेच ओट्यावर बस आणि वाच.

गाडी मी हौसेने घेतली. ट्रॅकवर मात्र नुसत्या हौसेने गेले नव्हते.

लतावहिनींच्या दहाव्याला, नदीवरून परत आल्यावर, तू ओट्यावर बसून सगळ्यांना विचारलं होतंस, "दहा ओळींवर दिसली मले ती ट्रॉली. साठच्या वर नव्हतो मी. दहा ओळींत मानूस थांबू नही शकत का?" लग्नाहून तुम्ही दोघं परत येत होतात, अंधार पडत होता आणि रस्त्यात ती उसाची ट्रॉली दिव्याशिवाय उभी होती. पोलिसांनी ट्रॉलीवाल्याची चूक लिहिली. पण तू पोलिसांना विचारत नव्हतास, आम्हाला विचारत होतास. कुणीतरी म्हणालं, 'देवाची इच्छा.' ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्यानंतर तू जीप विकलीस. कुणाच्या गाडीत बसायची वेळ आलीच तर मागे बसतोस, खिडकीकडे तोंड करून. सारिकाने धुळ्याला घर घेतलं, वास्तुशांत झाली, तुझ्यासाठी खोली ठेवली. तू अजून गेला नाहीस. तिला वाटतं तू तिच्यावर रागावला आहेस. मला वाटतं, तू तिच्याकडे बघायला घाबरतोस.

तर ऐक. जेवणानंतर ब्रेकचा सराव होता. साठच्या वेगाने सरळ यायचं. पारस कडेला लाल झेंडा घेऊन उभा. तो मनात येईल तेव्हा झेंडा उचलणार, आपण ब्रेक दाबायचा. झेंडा उचलला तेव्हा गाडी जिथे असेल तिथे एक शंकू ठेवतात. मागचा लाल दिवा पेटतो तिथे, म्हणजे पाय ब्रेकवर पोचतो तिथे, दुसरा. आणि गाडी थांबते तिथे तिसरा.

मी आले. झेंडा वर गेला. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. थांबले आणि उतरून मागे बघितलं, तर पहिला शंकू कुठल्या कुठे होता.

मी पारसला म्हटलं, "मला हे चालत मोजायचंय."

"टेप आहे ना, काकू."

"टेपचं मला कळत नाही. मला ओळीत हवंय."

आपली पाच फुटांची ओळ, माझ्या दोन पावलांची. तूच शिकवलंस. मी पहिल्या शंकूपासून चालायला लागले. सारिका माझ्या मागून येत होती. मी काय मोजतेय ते तिला कळलं होतं, कारण त्या दिवशी ओट्यावर तीही होती. दुसऱ्या शंकूपाशी पोचले तेव्हा अकरा ओळी झाल्या होत्या.

अकरा, भाऊ. आणि तिथे मी थांबले नव्हते. तिथे माझा पाय ब्रेकवर नुसता *पोचला* होता. थांबले त्याच्याही पुढे तेवढ्याच ओळींवर.

मी म्हातारी आहे म्हणून असेल, असं वाटलं. पारसला माझी गाडी चालवायला लावली, झेंडा दुसऱ्याने धरला. त्याचं वय अठ्ठावीस, रोजचं काम हेच. त्याचा पाय आठव्या ओळीला पोचला. तोही दहा ओळींत थांबला नाही. वीस ओळींच्या आसपास थांबला. भरदुपारी, कोरड्या रस्त्यावर, नव्या गाडीत, झेंडा उचलणार हे आधीच माहीत असताना.

तो म्हणाला, "काकू, दहा ओळींत कुणीच थांबणार नाही. मी नाही, जगातला कुणी नाही."

सारिका कडेला रचलेल्या टायरांवर बसली आणि माझं हेल्मेट मांडीवर घेऊन रडली. मी तिला रडू दिलं. मग ती म्हणाली, "आत्या, हे नानांना सांगशील?"

"तू सांग."

"मी आईचं नाव काढलं की ते उठून केळीत जातात. तू लिही. तुझं पत्र ते बागेत नेऊन का होईना, वाचतात."

म्हणून लिहिते आहे. भाऊ, तू मला दिलेली परीक्षा खोटी नव्हती. पण ती दुसऱ्या गिअरची होती, गाडवाटेची होती, सोडा-लेमनची होती. हमरस्त्यावरच्या साठला ती लागू नव्हती. पाच वर्षं तू चुकीच्या परीक्षेत स्वतःला नापास करत बसला आहेस. तुझा पाय बरोबर वेळेवर गेला असेल. रस्ताच उरला नव्हता.

वहिनी परत येणार नाहीत, हे मला कळतं. तुला वाईट वाटू नये असं मी म्हणत नाही. वाटू दे, मलाही वाटतं. फक्त त्यातला 'मी थांबू शकलो असतो' हा भाग काढून टाक. तो सैल आहे, आणि सैल काही चालत नाही.

आता कामाचं. २१ तारखेला, रविवारी सकाळी, मी सावद्याला येते. सारिकाने सांगितलंय की दुपारी जेवायला आपण तिच्याकडे, धुळ्याला. भरीत ती करणार आहे. वांगी तू आण, आपल्या बांधावरची, हिरवी. मागची सीट माझ्या गाडीला नाही, हे मी वर लिहिलंच आहे. ती नाही म्हणूनही मी ही गाडी घेतली, हे मात्र ह्यांना सांगू नकोस. तुला बाजूलाच बसावं लागेल. शेंगा मी आणीन. मी सावकाश चालवीन, आणि तू 'थांब' म्हणालास की कुठेही थांबेन.

मी हॉर्न वाजवणार नाही आणि हाकही मारणार नाही. बागेच्या वाटेने दुसऱ्या गिअरमध्ये येईन आणि घराच्या अलीकडे दहा ओळींवर गाडी थांबवीन. तिथपर्यंत यायचं काम माझं. त्या दहा ओळी तू चालत ये.

वाट बघणारी, सातव्या ओळीला थांबलेली,
तुझी बाई
ज्योत्स्ना