हळदीचे वाटे

१२ मार्च, संध्याकाळ. हट्टा.

दत्ताला, माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला, आज मी खळ्यावर दांड्याने मारलं. मनगटावर.

वाळलेल्या हळदीचे वाटे पडत होते. इकडे बटईत अर्धा वाटा मालकाचा, आणि वाटे पाडतोही मालकच. दत्ताने चांगली हळकुंडं स्वतःकडे ओढली आणि कमी भावाचे गड्डे बटईदार किसनपुढे लोटले. वर्षभर वावर कसलं ते किसनने. तो एवढंच म्हणाला, "मालक, बराबर वाटा की." दत्ताने दांडा उचलून त्याच्या कानावर हाणला. रक्त हळदीवर सांडलं.

मी ओरडले, "निर्लज्जा, आयतं खातोस आणि कमावणाऱ्याला मारतोस?"

"ताई, तूबी पेन्शन बसूनच खातीस की!"

जन्मभर सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली, त्याची कमाई आहे ती! मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर राग आला की दहा आकडे मोजायला लावत. मी एकही मोजला नाही. दांडा हिसकावला आणि घातला. पण कशासाठी? किसनच्या कानासाठी, की माझ्या पेन्शनसाठी? हळदीवरचं ते रक्त डोळ्यांपुढून हलत नाही.

मी कानाला पट्टी बांधत होते, तेव्हा किसन म्हणाला, "ताई, तुमी मारून मोकळ्या झाल्या. पुढल्या साली मला वावर कोन देईल?"

तेव्हा कुठे आठवलं, त्या वावरात वडिलांकडून आलेला अर्धा हिस्सा माझ्या नावावर आहे.

"मी देईन," म्हटलं. "वाटे तू पाडायचे. आधी तू उचलायचा, उरेल तो वाटा मी घेईन."