स्वच्छ ऐकू आलेली सुनावणी

तळोदा, १२ ऑगस्ट

प्रिय गोवाल,

सुनावणी नीट पार पडली म्हणून परवा सुरतेहून फोन करून तू माझे आभार मानलेस, तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय. लोणखेड्याच्या कॉलेजात तुझ्या वह्यांवर पास झालेली मी, आणि आभार तू मानायचे!

तुझी धाकटी बहीण वसतिगृहात तापाने गेली, त्या चौकशीची पहिली सुनावणी आठवते? चौकशीचे साहेब पडद्यावर, तुझी आई सोनीबाई इथे ऑफिसात, आणि दुभाषी म्हणून शेजारी मी. एकच माइक, पंख्याची घरघर. आई बोलली की खोलीभर घुमायचं आणि तिकडे तुटक पोहोचायचं. साहेब पुन्हापुन्हा विचारायचे, बाई काय म्हणाल्या, त्या रडतायत का. शेवटी तारीख पुढे गेली. मी चिडले. तीन अर्ज केले, वरच्यांच्या मागे लागून नवी यंत्रणा आणवली आणि गावभर मिरवले.

नवा माइक आजूबाजूचा गोंगाट गाळतो, आणि कॅमेरा स्पष्ट बोलणाऱ्याकडे आपोआप वळतो. जोडणारा अकील खुशीत म्हणाला, "मॅडम, आते झकास आवाज ई ऱ्हायना." आवाज झकास येतोय म्हणे. आलाच. दुसऱ्या सुनावणीला आई तोंडावर पदर धरून, हुंदके देत आपल्या पावरी बोलीत बोलत होती. यंत्राने ते गोंगाट समजून गाळलं. साहेबांना दिसले ते माझे चापूनचोपून विंचरलेले केस, ऐकू आलं ते माझं मराठी. वीस मिनिटांत आटोपलं. कुणी काही पुन्हा विचारलं नाही, उलट आवाजाचं कौतुक झालं.

यंत्राला बोल लावून मी सुटले असते. पण त्याने फक्त आडोसा दिला रे. आई सांगत होती की ताप उतरेना म्हणून पोरीला घरी न्यायला ती दोनदा जीपने डोंगर उतरून आली, आणि परीक्षा आहे म्हणत वसतिगृहाच्या अधीक्षिकेने दोन्ही वेळा तिला फाटकातूनच परत पाठवलं. अधीक्षिका समोरच बसली होती. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय आणि ते वाढवायला तिच्या नवऱ्याची सही लागते. मी सांगितलं, आई भेटायला आली तेव्हा मुलीला ताप होता. एक अक्षर खोटं नाही, बघ. आई माझ्याकडे बघत मान हलवत राहिली. आपल्याच डोंगरातली पोर बोलतेय, तिला काय शंका येणार!

अहवाल आला आहे. पालकांची तक्रार नाही, असं त्यात लिहिलंय. रेकॉर्डिंग मागवलंस तरी आईचा शब्द सापडणार नाही, तिथे सगळीकडे मीच आहे. ती काय म्हणाली याला माझ्याशिवाय साक्षीदार नाही. म्हणून हे स्वतःच्या हाताने लिहून खाली पूर्ण नाव घातलंय. फेरचौकशीचा अर्ज कर आणि त्याला हे पत्र जोड. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. माझ्या नोकरीचा विचार करू नकोस, मी एकदा केला तेवढा पुरे. माफी मागत नाही, कारण तू देऊन टाकशील. या वेळी दुभाषी मात्र दुसरी माग.

तसं लिहायचा हक्क उरला असेल तर, तुझीच
जागृती वाहरू पावरा